न मोजलेल्या मासळीची राखण

निर्मल हे नाव निघाले की आपल्याकडील बहुतेक घरांना आठवते ते तेथील कारागिरांचे काम: हलक्या पोनिकी लाकडाची फळे व पक्षी, आणि सोनेरी छटांनी उजळलेली चित्रे. मुलाच्या हाती पहिली पाटी देण्यासाठी बासरला जाऊन आलेल्यांना गोदातीरीच्या श्रीसरस्वतीचे दर्शन आठवते. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बासरचा मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यात होता. पुढे तो आदिलाबादेत गेला, आणि 11 ऑक्टोबर 2016 रोजी निर्मल हा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा त्यात आला. तेलुगू, मराठी आणि उर्दू या तिन्ही भाषा तेथे एकाच बाजारात कानी पडतात त्याचे कारण हेच.

परंतु आज आम्हास निर्मलच्या चित्रांविषयी लिहावयाचे नाही. तेथील पाण्याविषयी आणि त्या पाण्यातील मासळीविषयी लिहावयाचे आहे. त्यास निमित्त झाला एक कागद, आणि तो कागद आमच्याच हातचा आहे.

काही वर्षांपूर्वी त्या परिसरातील एका देवस्थानाच्या विश्वस्तांनी आम्हास एका ठेकापत्राचा मसुदा करण्यास सांगितले. देवस्थानाच्या शेतजमिनीस लागून एक तळे आहे. देवळापुढील पुष्करिणी ती वेगळी, तिच्यात जाळे टाकण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. हे शेतीच्या पाण्याचे तळे. त्यातील मासळीचा ठेका लिलावाने द्यावयाचा होता. आम्ही वकिली सवयीने मसुदा केला. चतुःसीमा, मुदत एक वर्ष, रक्कम आगाऊ, हप्ता चुकल्यास व्याज, वाद उद्भवल्यास कोणते न्यायालय, सारे यथास्थित लिहिले. सर्वांत मोठी बोली करणारास ठेका मिळाला. पुढच्या उन्हाळ्यात त्याने पंप लावून तळ्याचा तळ उघडा केला, मच्छरदाणीसारख्या जाळ्याने बोटभर पिलेही उचलली, आणि एवढे होऊनही कराराच्या एकाही कलमाचा भंग झाला नाही. गावातील एक वृद्ध बेस्त, म्हणजे तिकडील मच्छीमार ज्ञातीचे गृहस्थ, आम्हास म्हणाले, "वकीलसाब, पैसे कधी द्यायचे ते तुमच्या कागदात सगळं आहे. मासे कधी धरायचे नाहीत ते कुठं आहे?"

या प्रश्नास आम्हापाशी उत्तर नव्हते. ते शोधू लागलो तेव्हा पहिली सबब सुचली ती अशी की, तळ्यात मासे किती हे ठाऊक नसता किती धरू द्यावे हे ठरवावे कसे? सबब वरवर पाहता सयुक्तिक आहे. आधुनिक मत्स्यशास्त्रही प्रथम हेच विचारते. साठा किती, दरवर्षी भर किती, आपोआप मरतात किती, धरले जातात किती, कोणत्या वयाचे, किती होड्यांनी आणि किती दिवसांत. हे वर्षानुवर्षे मोजले तर किती काढावे याचे गणित मांडता येते. मोठ्या सागरी मासेमारीसाठी श्रीमंत राष्ट्रे असे गणित मांडतातही. पण खेड्यातील तळ्यासाठी मोजणारा शास्त्रज्ञ कोणी धाडावा? मोजणीचा खर्च मासळीच्या किमतीहून अधिक व्हायचा. मग काय, मोजता येत नाही म्हणून राखताही येत नाही असे म्हणावे?

इतिहासाचे उत्तर याविरुद्ध आहे. आपल्या पूर्वजांनी मासे कधीच मोजले नाहीत, तरी राखण्याचे नियम केले. ते नियम 'किती' या शब्दाभोवती फिरत नव्हते. कोणी, कोठे, केव्हा आणि कशाने, या चार शब्दांभोवती ते फिरत होते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बांध घालून अडविलेल्या पाण्यातील मासळीवर राजाचे स्वामित्व सांगितले आहे, आणि राजाची नौका वापरणाऱ्या मच्छीमाराने मिळकतीचा सहावा हिस्सा द्यावा असे ठरविले आहे. हा झाला 'कोणी' याचा नियम. त्याच ग्रंथात अभयवनाची कल्पना आहे. राजाने अभय दिलेल्या स्थळी पशुपक्ष्यांबरोबर माशांचीही हिंसा करणारास मोठा दंड सांगितला आहे. हा 'कोठे' याचा नियम. अशोकाने राज्याभिषेकानंतर 26 वर्षांनी कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात काही जातींच्या माशांना अभय दिले. शिवाय तीन चातुर्मासी पौर्णिमा व इतर काही तिथींना मासे मारू नयेत, विकूही नयेत अशी आज्ञा केली. त्याच लेखात 'कैवर्तभोग', म्हणजे कोळ्यांसाठी राखलेल्या जलाशयाचा उल्लेख आहे. त्या तिथींना तेथील इतर जीवांनाही अभय आहे. हा 'केव्हा' याचा नियम, आणि विक्रीवरील बंदी पाहता तो मोठ्या धोरणाचाही आहे. कारण मध्यरात्री जाळे टाकणारा दिसत नाही, पण सकाळी बाजारात बसलेला विक्रेता सर्वांस दिसतो.

निर्मलहून फार दूर नसलेल्या कल्याणीस बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा राज्य करीत होता. त्याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे. समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कोणास कोणते खाद्य आवडते, गळाची दोरी कशी असावी, याचा तपशील राजाने तेथे दिला आहे. सुंदरलाल होरा या नामवंत मत्स्यशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या मध्यास या तिन्ही जुन्या ग्रंथ-लेखांचा शास्त्रीय दृष्टीने अभ्यास करून त्यांतील निरीक्षणांचे महत्त्व दाखविले. राजाला माशांची संख्या ठाऊक नव्हती. माशांचा स्वभाव ठाऊक होता. राखणीसाठी संख्येहून स्वभाव अधिक उपयोगी पडतो, हे पुढील विवेचनात वारंवार दिसेल.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. पूर्वजांनी सारे काही जाणून केले, असे म्हणण्याचा मोह आपल्या समाजात फार. अशोकाची आज्ञा करुणेपोटी होती, कौटिल्याचा सहावा हिस्सा कोशासाठी होता, आणि सोमेश्वराचा विनोद तो विनोदच होता. मासळीचा वंश टिकावा हा हेतू त्यांत कितपत होता याचा पुरावा आम्ही न्यायालयात मांडू शकणार नाही. एवढेच म्हणता येईल की, हे नियम गणनेवाचून अमलात येण्याजोगे होते, आणि तोच त्यांचा आजचा उपयोग.

इंग्रजी अमदानीत हाच प्रश्न नव्याने उभा राहिला. मद्रास सैन्यातील वैद्य फ्रान्सिस डे यांनी 1873 साली भारत व ब्रह्मदेशातील गोड्या पाण्याच्या मासळीवर अहवाल लिहिला. त्यांच्यापाशीही मोजणी नव्हती. म्हणून त्यांनी ठिकठिकाणच्या महसुली अधिकाऱ्यांना व तहसीलदारांना प्रश्न धाडले: मासे वाढले की घटले, जाळ्याचे छिद्र केवढे, पावसाळ्यात पिले धरतात काय. आलेल्या उत्तरांचा सूर चिंतेचा होता. अगदी बारीक जाळी, ओढ्यांत लावलेले सापळे आणि अंडी घालण्यास वर चढणाऱ्या मासळीचा संहार यांवर डे यांनी बोट ठेवले. पुढे 24 वर्षांनी, 1897 साली, भारतीय मत्स्य अधिनियम झाला. सुरुंगाने अथवा विष कालवून मासे मारणे त्याने गुन्हा ठरविले. जाळ्यांचे प्रकार व मापे, कायमचे सापळे, बांध यांवर नियम करण्याचा आणि ठरावीक पाण्यात जास्तीत जास्त दोन वर्षे मासेमारी सर्वस्वी बंद ठेवण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस दिला. यातही 'किती' हा शब्द नाही. मात्र तो कायदा ब्रिटिश मुलखाचा होता. निर्मल तेव्हा निजामाच्या राज्यात होते.

कायद्याची आणखी एक बाजू वाचकांपुढे ठेवणे अवश्य आहे. वाहत्या नदीतला मासा कोणाचा? कायदा म्हणतो, धरीपर्यंत कोणाचाच नाही; म्हणून तो धरणे ही चोरी होत नाही. बंदिस्त तळ्यातला मासा मात्र धन्याच्या कब्जात असतो आणि तो नेल्यास चोरी होते. 1860 च्या दंडसंहितेखाली न्यायालयांनी केलेला हा भेद कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असतो. त्या संहितेची जागा 1 जुलै 2024 रोजी भारतीय न्याय संहितेने घेतली, तरी चोरीची कल्पना तीच आहे. दुसरा दाखला 1955 सालचा, 'आनंद बेहेरा विरुद्ध ओरिसा राज्य' या खटल्याचा. चिलिका सरोवरातील मासे पुढील काही वर्षे धरण्याचा परवाना अर्जदारांनी पारिकुडच्या राजाकडून पैसे भरून घेतला होता. मधल्या काळात ती इस्टेट सरकारजमा झाली. अर्जदार म्हणाले, आम्ही मासे विकत घेतले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, तुम्ही घेतला तो दुसऱ्याच्या जागेत शिरून मासे नेण्याचा हक्क. तो स्थावरातील हितसंबंध आहे, आणि त्यास नोंदणी केलेला लेख हवा. तसा लेख नव्हता. दाद मिळाली नाही.

या निकालात मासळीच्या राखणीचा प्रश्न कोठेच नव्हता. तरीही आम्हास त्यात मोठे तथ्य दिसते. मासळीचा ठेका देणारा मासे विकत नाही, पाण्यात शिरण्याची परवानगी विकतो. आणि परवानगीस अटी घालता येतात. अमुक महिन्यांत शिरू नये, अमुक कोपऱ्यात शिरू नये, अमुक जाळे घेऊन शिरू नये. त्यासाठी नवा कायदा नको, शास्त्रज्ञाचा दाखला नको. ठेका देणाऱ्या प्रत्येक देवस्थानास, ग्रामपंचायतीस, संस्थेस हा अधिकार आजच आहे. आम्ही तो आमच्या मसुद्यात वापरला नाही, एवढेच.

पण नुसत्या अटींनी भागत नाही. अट पाळण्यात ज्याचे हित आहे असा राखणदार हवा. याचा धडा आपल्या वाचकांस परका नाही. तो गोव्याच्या खाजनात आहे.

खाड्यांकाठची खाजन शेते मातीच्या बांधांनी राखलेली असतात. बांधात मानस असते. तिची लाकडी दारे भरतीच्या लोटाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात, त्यामुळे खारे पाणी आत शिरत नाही आणि आतले पाणी निघून जाते. पावसाळ्यात आत कोरगुटसारखे खारेपणा सोसणारे भात पिकते. इतर दिवसांत मानशीच्या तोंडाशी जाळे लावून मासे व सुंगटे धरतात. हा धरण्याचा हक्क गांवकरी पावणीने देई आणि येणाऱ्या उत्पन्नातून बांधाची डागडुजी होई. आफोंसो मेशिया याने 1526 साली लिहून काढलेल्या फोरालात गांवकरीच्या रूढींची नोंद झाली. म्हणजे व्यवस्था त्याहून जुनी. तिच्यात मासळीचे मान दुय्यम होते. मानस कधी उघडावी हे भात ठरवी, जाळे ठरवीत नसे. मासे कोणी मोजले नाहीत, पण शेताच्या हिताने मासेमारीस आपोआप मर्यादा पडली.

1961 साली गोवा मुक्त झाला आणि 1964 साली कुळकायदा आला. शेत कसणाऱ्यास संरक्षण मिळाले हे न्याय्यच होते. त्याबद्दल कोणा समंजस माणसाचे दुमत नसावे. खाजनांची व्यवस्था आता कुळांच्या संघांकडे आली. पुढे सुंगटांना बाजारात मोठा भाव येऊ लागला, भातशेती परवडेनाशी झाली, आणि अनेक ठिकाणी मानशीचा ठेकेदार हाच खाजनाचा खरा धनी झाला. अधिक मासळी आत यावी म्हणून भरतीचे खारे पाणी आत घेण्यात येऊ लागले. दारांतून दोन्ही वेळा वाहणाऱ्या लोटाने बांध झिजले, फुटले, शेते खारवली, आणि पडीक शेतांत खारफुटी उगवली. पावणी तीच, मानस तीच, भरती-ओहोटीही तीच. बदलले ते एवढेच की, मानस उघडणाऱ्याचे हित आता पुढच्या वर्षाच्या भातात राहिले नव्हते. एका वर्षाच्या ठेकेदारास दुसऱ्या वर्षाचा बांध दिसत नाही. तो दुष्ट असतो असे नव्हे. त्याच्या कागदात दुसरे वर्षच नसते.

येथवर आलो की, आमचा निर्मलचा ठेका का फसला याचा उलगडा होतो. आता आपल्या धर्माचरणाकडे वळू, कारण त्यातही राखणीचे काही नियम दडले आहेत आणि काही भ्रमही.

महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड म्हणून डोह आहे. काठी वरदायिनीचे स्थान. डोहातील मासे देवीचे म्हणून त्यांस कोणी हात लावीत नाही. वाडा तालुक्यातील तिळसे येथे वैतरणेच्या पात्रात शिवालयापाशी, आणि शृंगेरीस तुंगेच्या घाटावर, असेच मोठमोठे मासे भाविकांच्या हातून लाह्या खातात. उन्हाळ्यात नदी आटते आणि सारी मासळी मोजक्या डोहांत गोळा होते. असा एक डोह राखणे म्हणजे नदीचे बी राखणे. पहिल्या पुराबरोबर हेच मासे वर-खाली पसरतात आणि राखलेल्या डोहाचे फळ कोसभर दूर जाळे टाकणारासही मिळते. आज परदेशी शास्त्रज्ञ ज्यास मासेमारीमुक्त क्षेत्र म्हणतात ते हेच. रॉबर्ट जोहान्स या शास्त्रज्ञाने पॅसिफिकमधील पलाऊ बेटांवरील कोळ्यांचे ज्ञान 1981 साली ग्रंथरूपाने मांडले. कोणता मासा कोणत्या चांद्रतिथीस कोठे जमतो हे तेथील वृद्धांस तोंडपाठ होते. त्याच जोहान्सने 1998 साली आकडेवारीवाचून मत्स्यव्यवस्थापन करता येते, नव्हे, जेथे आकडे मिळणे शक्यच नाही तेथे तसेच केले पाहिजे, असा लेखच लिहिला.

पण डोह राखणाऱ्या श्रद्धेस एक गोष्ट दिसत नाही: विष वरून येते. देवाचा मासा मारू नये हे मानणारे गावच वरच्या अंगास सांडपाणी सोडीत असेल, तर देवाचा मासा जाळ्यावाचून मरेल. राखण ही काठावर उभे राहून करण्याची गोष्ट नव्हे.

दुसरा भ्रम पंचांगाचा. श्रावण पाळणे हे मत्स्यरक्षणच आहे असे आपल्या घरांतून अभिमानाने सांगितले जाते. त्यात थोडे तथ्य आहे, पण हिशेब नीट पाहावा. मृग नक्षत्र 7-8 जूनच्या सुमारास लागते. पहिल्या पावसाच्या लोंढ्याबरोबर मासे ओढ्यांतून आणि शेतांतून वर चढू लागतात. कोकणात यास वलगण म्हणतात, देशावर चढणीचे मासे. अंड्यांनी भरलेले हे मासे वाटेतच धरले जातात, आणि ते फार रुचकर लागतात म्हणून आपण आनंदाने खातो. रोहू, कटला, मृगल यांची वीण जुलै-ऑगस्टच्या पुरात होते. आपला श्रावण बहुधा जुलैच्या अखेरीस अथवा ऑगस्टात लागतो. म्हणजे आपण उपवासाला बसतो तोवर चढण बरीचशी होऊन गेलेली असते. तेलंगणात तर मृगशिरा कार्तेच्या दिवशी मासा खाल्लाच पाहिजे अशी रूढी आहे. त्या दिवशी बाजारात मासळीस एवढी मागणी असते की तळी अगोदरच धुंडाळली जातात. पश्चिम किनाऱ्यावर सरकारने सागरी मासेमारीस 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची बंदी ठेवली आहे. ती माशाच्या पंचांगाच्या अधिक जवळची आहे. रूढी मोडावी असे आम्ही म्हणत नाही. तिचा आरंभ काही आठवडे अलीकडे ओढावा, एवढेच सुचवितो.

आता पुन्हा निर्मलकडे येऊ. या एका प्रदेशात तीन प्रकारची पाणी आहेत आणि तिन्हींना एकच नियम लावणे हीच मूळ चूक आहे.

पहिले पाणी तळ्यांचे. निर्मल शहराभोवती धर्मसागर, खजाना चेरुवू अशी जुनी तळी साखळीसारखी गुंफलेली होती. तेलुगूत अशा तळ्यांस 'गोलुसुकट्टु', म्हणजे साखळीने बांधलेली, म्हणतात. वरचे भरले की सांडवा खालच्यात जाई. आज अनेक ठिकाणी ती साखळी घरांनी आणि रस्त्यांनी तोडली आहे. जे तळे दर उन्हाळ्यात आपोआप आटते त्यात रोहू-कटल्याची बोटुकली पावसाळ्यात सोडावी आणि उन्हाळ्यापूर्वी सारी मासळी काढावी. हे पीकच आहे, त्यात दोष नाही. हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत, म्हणून बीज बाहेरून आणावे लागते. 10 जुलै 1957 रोजी हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओरिसात ग्रंथीरसाची सुई टोचून या जातींची वीण घडवून आणली, तेव्हापासून नदीतले बीज गोळा करण्यावाचून तळी भरता येऊ लागली. तेलंगण सरकारनेही 2016-17 पासून तळ्यांत मत्स्यबीज फुकट सोडण्याची योजना आखली. पण त्याच तळ्यात मरळही राहते. तेलुगूत तिला कोर्रमीनु म्हणतात आणि ती त्या राज्याचा मानाचा मासा आहे. तिला कोणी बीज सोडीत नाही. हवेतला श्वास घेऊन ती चिखलातही जगते आणि पावसाळ्यात स्वतः विणते. पिलांचा तांबूस थवा पाण्याच्या पृष्ठभागी फिरतो आणि आईबाप खाली राखण करतात. ती जोडी धरली की थवा इतर माशांच्या तोंडी जातो. थवा दिसला तेथे जाळे टाकू नये, हा नियम पाळण्यास कोणता आकडा लागतो? डोळे लागतात, आणि ते प्रत्येक कोळ्यास आहेत.

दुसरे पाणी धरणांचे: कडेम आणि श्रीरामसागर. श्रीरामसागराची, म्हणजे पोचमपाडच्या धरणाची, कोनशिला पंडित नेहरूंच्या हस्ते 26 जुलै 1963 रोजी बसली. हे पाणी पूर्ण आटत नाही, म्हणून येथली मासळी हे पीक नसून मूळ भांडवल आहे. सोडलेले बीज वाढेपर्यंत न धरणे, जाळ्याच्या छिद्राचे, कोळी ज्यास आस म्हणतात त्याचे, किमान माप ठरविणे, आणि ओढे धरणास मिळतात त्या तोंडांशी पावसाळ्यात जाळी न लावणे, हे येथले नियम.

तिसरे पाणी खुद्द गोदावरीचे. तिच्याबाबत एक निकाल सांगण्याजोगा आहे. धर्माबादजवळील बाभळी बंधाऱ्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 28 फेब्रुवारी 2013 रोजी निर्णय देऊन 1 जुलै ते 28 ऑक्टोबर बंधाऱ्याची दारे उघडी राहतील असे पक्के केले. वाद दोन राज्यांच्या पाण्याचा होता, माशांचा कोणी उच्चारही केला नव्हता. पण नेमक्या त्याच महिन्यांत श्रीरामसागरातून बासरच्या घाटावरून वर चढू पाहणाऱ्या मासळीस ती वाट मोकळी राहते. मनुष्याच्या भांडणातून माशांस अनायासे न्याय मिळाला. तो आपण उघड्या दाराशी जाळे लावून हिरावून घेऊ नये.

अखेर त्या ठेक्याची गोष्ट पुरी करू. मुदत संपल्यावर आम्ही विश्वस्तांपुढे नवा मसुदा ठेवला: ठेका गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेस, मुदत पाच वर्षे, पंप लावावयाचा नाही, बारीक आसाचे जाळे नाही, खोल कोपरा कायम राखीव, मृगापासून श्रावण संपेपर्यंत बंदी, आणि कोणत्या दिवशी किती जाळी टाकली व किती वजन मासळी निघाली याची एक साधी वही. बोलीपेक्षा रक्कम कमी होती. एका विश्वस्तांनी रास्त आक्षेप घेतला, "देवाचे उत्पन्न कमी करण्याचा आपल्याला अधिकार आहे काय?"

प्रश्न कायद्याचा होता आणि उत्तरही कायद्यातच होते. आपल्या कायद्याने देव ही व्यक्ती मानली आहे, आणि तीही सदैव अज्ञान, म्हणजे जिचे हित दुसऱ्याने पाहावयाचे अशी. अज्ञान मुलाच्या पालकाने झाडाची फळे विकावी. झाड तोडून लाकडाचे पैसे वहीत उत्पन्न म्हणून मांडू नयेत. तळ्यातील विणीची मासळी हे झाड आहे. मागील वर्षी आम्ही देवाचे उत्पन्न वाढविले नव्हते. देवाचे भांडवल विकून त्यास उत्पन्न म्हटले होते. विश्वस्त काही वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी सही केली.

दुसऱ्या वर्षी चैत्रात आम्ही तेथे गेलो तेव्हा खोल कोपऱ्यात छातीभर पाणी होते. तळ्यात मासे किती, हे विचारण्याचे आमच्या मनातही आले नाही. त्या वृद्ध गृहस्थांनी वही पुढे केली. त्यांना लिहिता येत नव्हते, नातवाने लिहिली होती. पहिल्या पानावर तेलुगूत, खाली मराठीत, जाळी न टाकण्याचे दिवस अगोदर मांडले होते, टाकण्याचे नंतर.